तीन रस्ते आणि एक जुनी बीएमडब्ल्यू

बेळगावात एखादी गाडी रोजच्या वापराला चालेल की नाही हे ठरवायला तीन रस्ते पुरतात. पहिला गावातलाच: शहापूरहून निघून खडेबाजार, मग टिळकवाडी, रेल्वे गेट ओलांडून उद्यमबाग. दुसरा कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग. आणि तिसरा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणारा. आमच्या नात्यागोत्यात आजवर ज्या गाड्या आल्या, त्या सगळ्यांचं बरंवाईट या तीन रस्त्यांवरच कळलं.

2025 च्या दिवाळीनंतर या परीक्षेला एक वेगळीच पाहुणी आली. 2011 सालची बीएमडब्ल्यू 320 डी, काळी, नंबर एमएच 09, म्हणजे कोल्हापूरची. मालक एक वयस्क डॉक्टर, ओळखीचे. त्यांनी गाडी चालवणं बंद केलेलं आणि मुलं परदेशात. मीटरवर ब्याण्णव हजार किलोमीटर. मागणी साडेपाच लाखांची. गाडी मला घ्यायची नव्हती, भाच्याला घ्यायची होती. तो उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात आहे. माझंही सगळं आयुष्य त्याच वसाहतीत लेथ आणि मिलिंगच्या आवाजात गेलं, म्हणून त्याने मला गाठलं. म्हणाला, "मामा, एवढ्या पैशात नवी लहान हॅचबॅक येते. आणि ही बघा! चार दिवस गाडी देतो म्हणालेत डॉक्टर. तुम्ही चालवा आणि सांगा."

गोष्ट नुसत्या हौसेची असती तर मी "घे" म्हणून मोकळा झालो असतो. पण हे साडेपाच लाख ताईने नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतून काढायचे होते. घरातली बारा वर्षांची हॅचबॅकही विकायची होती. आणि त्या घरात रोज गाडी चालवते ती सूनबाई. भाचा मोटारसायकलने कारखान्यात जातो. मुलाला कॅम्पातल्या शाळेत सोडणं, बाजार, ताईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणं, महिन्यातून एकदा धारवाडला माहेरी जाऊन येणं, हे सगळं सूनबाई करते. तेव्हा परीक्षा खरी तिच्या रोजच्या दिवसाची होती.

गाडी गल्लीत येऊन उभी राहिली आणि पाच मिनिटांत पोरं जमली. मागोमाग मोठी माणसं. समोरच्या काकांनी विचारलं, "ऍव्हरेज किती?" त्यांच्या शेजारचे गौडर बाहेर येऊन म्हणाले, "एष्ट कोडतैतिरी?" आमच्या गल्लीत प्रश्न दोन भाषांत येतात, पण गाडीपुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न एकच असतो. टाकी गच्च भरून पुन्हा गच्च भरायची, या जुन्या पद्धतीने मी चार दिवस मोजमाप केलं. गावात साडेदहा, महामार्गावर सतरा, चोर्ल्याला जाऊन येऊन तेरा. पावणेदोन हजार किलोच्या आसपासचं वजन माणसांसकट ओढणाऱ्या गाडीला हे आकडे चांगलेच म्हणायचे. गौडरांना मात्र पटले नाहीत.

या गाडीचं घराणं थोडं सांगायला हवं. बीएमडब्ल्यूची 3 सिरीज 1975 साली सुरू झाली. मोठ्या गाडीची ऐट आणि स्पोर्ट्स गाडीचा चपळपणा एका लहान चार दारी गाडीत बसवायचा, ही तिची कल्पना. आमच्याकडे आलेली पाचव्या पिढीतली, 2005 साली युरोपात आलेली. कंपनीच्या भाषेत ई 90. मार्च 2007 मध्ये चेन्नईजवळ बीएमडब्ल्यूचा जोडणी कारखाना सुरू झाला आणि या गाड्या तिथे जुळू लागल्या. त्या काळी तीस लाखांच्या घरातली ही वस्तू. आज तिची किंमत पाचसहा लाखांवर येते. दिल्लीच्या परिसरात तर 2015 च्या हरित लवादाच्या आदेशानंतर आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या मातीमोल झाल्या. त्यातल्या कितीतरी दक्षिणेकडे आल्या आणि इथल्या जुन्या गाड्यांचे भावही खाली खेचले गेले. गाडी स्वस्त झाली, पण तिचे सुटे भाग आजही तीस लाखांच्या गाडीचेच आहेत. भाच्याला मी हे पहिल्या दिवशीच सांगितलं. त्याने मान हलवली. बोनेटवरचं निळं-पांढरं चक्र पुसत होता, त्यामुळे किती ऐकलं ते कळलं नाही.

अशी गाडी बघताना पहिलं काम पहाटेचं. इंजिन थंड असताना, बोनेटवर हात ठेवून ते खरंच थंड आहे याची खात्री करून, पहिल्यांदा सुरू करायचं आणि कान द्यायचा. गरम इंजिन बरंच काही लपवतं. या 1995 सीसीच्या डिझेल इंजिनाचं, ज्याला एन 47 म्हणतात, एक दुखणं जगभर माहीत आहे: त्याची टायमिंग चेन. बहुतेक इंजिनांत ती पुढच्या बाजूला असते. इथे ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. 2007 ते 2011 च्या सुमारास बनलेल्या इंजिनांत ती झिजण्याचं प्रमाण जास्त आढळलं. चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे भागापेक्षा मजुरी मोठी. आणि धावत्या गाडीत ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटून इंजिनच संपतं. झिजू लागलेली चेन आवाज देते. दीड ते दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान, इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्यावर साखळी ओढल्यासारखी खरखर. मी तीन पहाटे ऐकली. खरखर नव्हती. डॉक्टरांनी दरवर्षी न चुकता तेल बदलल्याच्या पावत्याही जपून ठेवल्या होत्या, आणि या इंजिनात वेळेवर बदललेल्या तेलाइतकं चेनला जपणारं दुसरं काही नाही. तरीसुद्धा आज आवाज नाही एवढंच मी सांगू शकतो. दोन वर्षांनंतरचं कोणी सांगू शकत नाही.

मग गावातला रस्ता. सूनबाई चाकावर, मी शेजारी, मागे ताई आणि नातू. गाडीची लांबी साडेचार मीटरच्या थोडी वर, रुंदी एक मीटर ऐंशीच्या पुढे. शहापुरातल्या बोळात समोरून भाजीची हातगाडी आली की कोणीतरी मागे जायचं, आणि हातगाडीवाला जात नाही. हळू चालवताना स्टिअरिंग जड लागतं. वेग वाढला की तेच जडपण हाताला आधार वाटतं, पण खडेबाजारात वेग कुठला? सूनबाई कोपऱ्यावर वळवताना दोन्ही हातांनी ओढत होती. "अवजड आहे मामा, पण लबाड नाही," म्हणाली. म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, चोर्ल्यात कळलं.

गाडीचं पोट जमिनीपासून सुमारे चौदा सेंटीमीटरवर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅक यापेक्षा दोनतीन सेंटीमीटर उंच असतात. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण आमच्या गल्लीबोळांत हंप कोण घालतं, कोणत्या मापाने घालतं, हे देवाला ठाऊक. रात्री रस्ता सपाट असतो, सकाळी वरवंटा आडवा. मागे दोन माणसं असताना अशा दोन हंपांवर खालून खर्रकन आवाज आला. तिरकी घालून, एकेक चाक चढवत गेलं की जमतं. सूनबाई दुसऱ्या दिवशी सराईतपणे तसं करू लागली, आणि मागचे रिक्षावाले तितक्याच सराईतपणे हॉर्न वाजवू लागले.

ताईचं प्रकरण वेगळं. बसायला गाडी खोल. आत बसणं जमलं, घसरूनच बसायचं ते. उतरताना मात्र गुडघ्यावर सगळा भार. कॅम्पात दवाखान्यासमोर सूनबाईने दार उघडलं, हात दिला, आणि ताई तिसऱ्या प्रयत्नात बाहेर आली. काही बोलली नाही. परत जाताना "पुढे बसते" म्हणाली. पुढचं आसन वर उचलता येतं, ते पूर्ण वर केल्यावर तिला बरं पडलं. म्हणजे मागे नातू आणि मी. मागे दोघांना छान जागा. तिसऱ्याने मधे बसायचं तर पायांत मोठा उंचवटा येतो, कारण इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ती पोचवणारा दांडा गाडीच्या मधून जातो. पाच माणसांच्या घराने हे दांडगं गणित आधी करून घ्यावं.

आणखी एक गोष्ट भाच्याच्या ध्यानात आली नव्हती. घरापासून शाळा तीनचार किलोमीटर. एवढ्या अंतरात हे डिझेल इंजिन नीट गरमही होत नाही. रोज असं अर्धंकच्चं गरम करून बंद केलं की आतल्या नळ्यांत, धूर परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचत जाते. डॉक्टर आठवड्याला कोल्हापूर-पुणे करत, म्हणून हे इंजिन इतकं स्वच्छ राहिलं होतं. त्याच गाडीला शाळेच्या फेऱ्यांना जुंपली तर वर्षभरात तिची तब्येत बदलेल.

कोल्हापूरला गेलो ते गाडीपेक्षा मेस्त्रीसाठी. काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळी, कागल: एकशेदहा किलोमीटरचा हा रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा, त्याचं वर्णन काय करायचं? सहापदरीच्या कामामुळे जागोजागी वळसे होते. मोकळा पट्टा मिळाला की गाडी रुळावर असल्यासारखी जायची. आत बोलायला आवाज चढवावा लागला नाही. चौदा वर्षं जुन्या आसनात दोन तास बसून पाठ कुरकुरली नाही, हे माझ्या वयाला फार मोठं प्रशस्तिपत्र.

कोल्हापूरच्या मेस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, स्कॅनर लावला. आधी किलोमीटर तपासले. मीटरवरचा आकडा मागे फिरवणारे कलाकार सगळीकडे आहेत, पण या गाडीत तो आकडा एकाच जागी राहत नाही. आतल्या दुसऱ्या संगणकात आणि चावीतसुद्धा त्याची नोंद होते. तिन्ही ठिकाणी ब्याण्णव हजारच निघाले. मग तो बॅटरी घेऊन खाली शिरला. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्म्सचे बुश फाटलेले. इंजिनाची माउंटिंग बसलेली. क्रँकच्या पुलीतलं रबर तडकलेलं, आणि ती पुली सुटली तर पट्टा जाऊन गाडी रस्त्यात उभी राहते. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही. सहा गिअरच्या या ऑटोमॅटिकचं तेल जन्मभर पुरतं असं कंपनी सांगते, पण गिअरबॉक्स उघडणारे कारागीर ऐंशी हजार ते लाखाच्या दरम्यान ते बदलायला सांगतात, आणि माझा कल कारागिरांकडे आहे. आतमध्ये दारांच्या मुठींवरचं मऊ आवरण चिकट होऊन सोलत होतं, हे या गाड्यांचं ठरलेलंच. सगळं बघून मेस्त्री हात पुसत म्हणाला, "लोखंडाला काय बी झाल्यालं न्हाई साहेब. रबार म्हातारं झालंय."

इतकं नेमकं निदान मी क्वचित ऐकलं आहे. पत्रा, चेसिस, ब्रेक, इंजिनाचा गाभा, सगळं घट्ट होतं. रबर आणि प्लास्टिक मात्र गाडी किती चालली ते बघत नाही, किती वर्षं झाली तेच बघतं. म्हणूनच "कमी चाललेली आहे" या शब्दावर भुलून चौदा वर्षांची गाडी घेऊ नये. मेस्त्रीने बुश, माउंटिंग, पुली, गिअरबॉक्सचं तेल, सगळं धरून लाखाच्या आतबाहेरचा अंदाज दिला. टायर त्यात नव्हते.

राहिला चोर्ला. सकाळी सहाला भाचा, सूनबाई आणि मी निघालो. पिरनवाडी सोडली की शेतं, मग जांबोटीच्या अलीकडे झाडी दाट होऊ लागते. धुकं होतं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो. मलप्रभेचा उगम इथला. इथून निघालेलं पाणी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतं, आणि शेजारच्याच डोंगरांतलं म्हादईचं पाणी पश्चिमेला गोव्यात उतरतं. दोन राज्यांचं भांडण चालतं ते याच काही किलोमीटरच्या ओलीवर. सूनबाईने कुंडाचं पाणी डोळ्यांना लावलं. तिच्या माहेरी, धारवाडला, नळाला याच मलप्रभेचं पाणी येतं, सौंदत्तीच्या धरणावरून. "तवरमने नीरु," म्हणाली. माहेरचं पाणी.

तिथून पुढे गाडी तिच्या हातात दिली. भाच्याला वाटत होतं घाट आपणच चालवावा, पण रोज चालवणार कोण, असं मी विचारल्यावर तो मागे बसला.

घाटात या गाडीचं सोनं झालं. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मंनिम्मं, पुढची चाकं फक्त वळायला, मागची फक्त ढकलायला. त्यामुळे वळणात नाक बाहेर ओढत नाही, जिथे बघाल तिथे जातं. दर वळणाला सूनबाईच्या हातातला ताण कमी होत गेलेला मला दिसत होता. उतारावर मी तिला गिअरचा दांडा डावीकडे घेऊन पुढे ढकलायला सांगितला. या गाडीत पुढे ढकललं की गिअर खाली येतो, मागे ओढलं की वर जातो. बऱ्याच गाड्यांत हे उलट असतं, म्हणून आधी सांगावं लागतं. दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. साध्या गाडीने चोर्ला उतरताना केरीपर्यंत ब्रेकचा जो वास येतो, तो आला नाही.

एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसलं. तिने गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो, दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग ती भाच्याला म्हणाली, "आता कळलं तुम्ही का वेडे झालात ते." आणि मला "लबाड नाही" याचा अर्थ कळला. ही गाडी काय करणार ते आधी सांगते आणि तेवढंच करते. इतक्या वर्षांनी हा गुण टिकलेला बघून मीही मनातून हललो, खोटं कशाला बोलू?

साखळीला भाजी-पाव खाल्ला, चहा घेतला आणि परतलो. चढावर डिझेलचा जोर कळतो. सुमारे 180 अश्वशक्ती, आणि इंजिन ओरडायच्या आधीच मिळणारी ओढ. रांगेने चाललेल्या ट्रकांतला एकेक मोकळ्या जागी झटकन मागे टाकता येतो, आणि घाटात यालाच खरी सुरक्षितता म्हणतात.

पारवाडच्या अलीकडे मात्र सावलीतला एक खड्डा दिसला नाही. धाडकन आवाज आला, तिघंही गप्प. उतरून बघितलं तर रिम आणि टायर शाबूत. पण त्या शांततेत भाच्याने डिकी उघडली आणि विचारलं, "मामा, स्टेपनी कुठं आहे?"

स्टेपनी नाही. या गाडीत कंपनीने दिलीच नाही. डिकीत, उजव्या बाजूला, बॅटरी आहे, आणि ती बदलली तरी नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. टायर रनफ्लॅट जातीचे. हवा गेली तरी त्यांच्या जाड बाजवांवर गाडी ताशी 80 च्या वेगाने 80 किलोमीटर जाऊ शकते. कणकुंबीहून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, तेव्हा पंक्चर झालं तर घरी पोचू. पण खड्ड्याने टायरची बाजूच फाटली तर तो आधार संपला, आणि त्या जंगलात मोबाईलला रेंजही धड नाही. जांबोटीच्या पंक्चरवाल्याकडे हा टायर रिमवरून उतरवायचं यंत्र असायची शक्यता कमी. शिवाय याच कडक बाजवांमुळे गाडी लहान खड्ड्यांवर आदळते, आणि फाटलेल्या बुशमुळे ते जास्तच जाणवतं. अनेक मालक शेवटी साधे टायर घालतात. एका रनफ्लॅटच्या किमतीत साधे दोन येतात, आणि गाडी मऊ होते. मग डिकीत एक साधी स्टेपनी आणि जॅक ठेवायचा. डिकी 460 लिटरची आहे, त्यातली थोडी जागा जाईल. मला विचाराल तर चोर्ल्याला जाणाऱ्याने हेच करावं.

आता कागद. आपल्या सीमाभागात गाडी घेताना इंजिनाइतकाच हा भाग बघावा लागतो. आपली सोयरीक कोल्हापुरात, बाजार निपाणीत, दवाखाना मिरजेत. एमएच 09 ची गाडी बेळगावात दिसली तर कोणाला नवल नाही. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो. 2014 मध्ये कर्नाटकाने कर भरण्यासाठी ही मुदत तीस दिवसांवर आणली होती, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. म्हणजे आधी कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. मग इथे फॉर्म 27 आणि कर्नाटकाचा लाइफ टॅक्स. हा कर तुम्ही गाडी कितीला घेतली त्यावर धरत नाहीत. ती नवी असताना जी किंमत होती त्यावर धरून वयाप्रमाणे सूट देतात. तीस लाखांची गाडी आपण पाचाला घेतली याचं कौतुक आरटीओला नसतं. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण पंधरावं वर्ष लागलेल्या गाडीचं उरलेलं ते किती असणार?

पंधरावं वर्ष हाच दुसरा मुद्दा. या गाडीची नोंदणी सप्टेंबर 2011 ची, म्हणजे सप्टेंबर 2026 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली. रक्कम मोठी नाही. पण वर्ष पुरं व्हायच्या आत दोनदा आरटीओच्या दारात जायचं, एकदा नंबर बदलायला, एकदा आयुष्य वाढवायला.

चौथ्या संध्याकाळी ताईकडे सगळे बसलो. कागदावर आकडे मांडले. साडेपाच लाख गाडीचे. लाखभर मेस्त्रीचे. टायर, स्टेपनी, बॅटरी. नंबर बदलायचा कर. बेरीज साडेसातच्या पुढे जात होती, आणि चेनसाठी बाजूला काही ठेवायचं म्हटलं तर आणखी वर. भाचा म्हणाला, "साडेसातात नवी गाडी येते की." मी म्हटलं, "येते. पण चोर्ल्यात आज जे झालं ते तिच्यात येणार नाही, हेही लिही."

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. घरात एकच गाडी असणार असेल तर ही नको. शाळेच्या फेऱ्यांना इंजिन चुकीचं, गल्लीतल्या हंपांना उंची चुकीची, ताईच्या गुडघ्यांना आसन चुकीचं, आणि एखाद्या भागासाठी गाडी आठ दिवस मेस्त्रीकडे राहिली तर घर अडून बसेल. जुनी हॅचबॅक ठेवून ही दुसरी म्हणून घ्यायची असेल, महिन्यातून दोनदा धारवाड आणि एकदा गोवा करायचा असेल, तर या वयाच्या गाड्यांत इतका स्वच्छ इतिहास पुन्हा मिळणं कठीण. पण मग साडेपाच नाहीत, सव्वाचार. उरलेले तिच्या रबरावर घालायचे. आणि ठेव मोडायची नाही, भाच्याने स्वतःच्या पगारातून हप्ता भरायचा.

ताई एवढंच म्हणाली, "मला पुढं बसवत असाल तर माझी ना नाही."

डॉक्टरांना फोन केला. ते हसले, पाचपर्यंत येतो म्हणाले, विचार करून कळवा. गाडी दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परत पोचवली. भाचा अजून दोन आकड्यांच्या मधे फिरतोय, आणि दर रविवारी नवा कागद घेऊन माझ्याकडे येतो. मधल्या काळात हॅचबॅक बघायला आनगोळचं एक गिऱ्हाईक आलं होतं. भाचा कारखान्यात होता. सूनबाईने त्यांना चहा दिला, गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं आणि लगेच नवऱ्याला फोन लावला: "हळे गाडी मारब्याड्री. नाळे साली बिडाक अदे बेकु." जुनी गाडी विकू नका, उद्या शाळेत सोडायला तीच लागते.